कडुनिंबासाठी एक हरकत अर्ज

झाड तोडायचं असेल तर तशी नोटीस त्या झाडावरच लावायची, असा कायदा आहे. आमच्या बाजार चौकातल्या कडुनिंबावर ती खिळे ठोकून लावली होती. एका कागदाला चार खिळे. शेजारी कोचिंग क्लासचा फ्लेक्स, बोअरवेलवाल्याची पत्र्याची पाटी आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्यामुळे पहिल्या दिवशी ती कुणाच्या नजरेतच आली नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. दहाएक वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. चौकात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, केवायसी. लोकांचे अर्ज लिहिण्यावरच माझं घर चालतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की अर्धा बाजार त्या निंबाखाली सरकतो. लिंबू-सरबतवाला, चप्पल शिवणारे काका, बँकेच्या रांगेला कंटाळलेल्या बाया, एसटीची वाट पाहणारे, सगळे तिथेच. माझं गिऱ्हाईकही बहुतेक सावलीत बसूनच नंबर लावतं. म्हणजे यात माझा धंद्याचा स्वार्थ होता, तो लपवायचं काही कारण नाही.

नोटिशीत लिहिलं होतं की सदर वृक्ष धोकादायक असल्याने तो तोडण्याची परवानगी मिळण्याबाबत अर्ज प्राप्त झाला आहे, कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. अर्ज कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. झाडामागे नवं कॉम्प्लेक्स झालं आहे. मे महिन्यातल्या वादळात निंबाची एक जाड फांदी त्याच्या पत्र्यावर पडली आणि खाली उभ्या असलेल्या मोटरसायकलचा चेंदामेंदा झाला. माणूस वाचला, एवढंच. त्यामुळे कॉम्प्लेक्सवाल्या भाऊंना सरसकट खलनायक ठरवायला मी तयार नाही. त्यांचा प्रश्न खरा होता: "उद्या कोनाच्या डोक्यावर पडलं तं जबाबदार कोन? तुम्ही का मी?"

चौकातल्या बाकीच्यांनी मात्र नोटीस वाचून झाडाचं श्राद्धच उरकून टाकलं. "लागली ना नोटीस, आता गेलं समजा." नोटीस म्हणजे निकाल नाही, आपल्याला विचारलेला प्रश्न आहे, हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. सरकारी शिक्का दिसला की विषय संपला, अशी आपल्याकडे सवयच आहे.

दुसरा गोंधळ कायद्याचा. चहाच्या टपरीवर एकाने छातीठोकपणे सांगितलं की निंबाला परवानगीच लागत नाही, तो यादीत नाही. हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त घोटाळा होतो. खेड्यातल्या, शेतातल्या झाडांना 1964 चा वृक्षतोड कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत 16 जाती आहेत: साग, मोह, चिंच, आंबा, हिरडा, खैर, चंदन, जांभूळ वगैरे. कडुनिंब त्यात नाही. शेतकऱ्यांना ही यादी तोंडपाठ असते, कारण बांधावरचा साग विकायचा तर परवान्यासाठी वनखात्याच्या दारात जावंच लागतं. पण नगरपंचायतीच्या हद्दीत 1975 चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा चालतो आणि तो जातीची यादी पाहत नाही. निंब असो, बाभूळ असो की सुबाभूळ, परवानगी लागते. म्हणजे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा आमच्या निंबाचा कायदाच बदलला होता. हे ना झाडाला कुणी सांगितलं, ना आम्हाला.

हरकत अर्जाला ठरलेला नमुना नाही. लोकांचे एवढे अर्ज लिहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे: साहेबाला नाकारायला सोपा जाईल असा अर्ज लिहू नये. "झाडे लावा झाडे जगवा", "वृक्षवल्ली आम्हां सोयरीं" असं काही लिहिलं असतं तर वाचून कुणी मान डोलावली असती आणि अर्ज फाइलीत गेला असता. कायद्याच्या कलम 8 मध्ये अर्जदाराच्या बाजूची एक पक्की तरतूद आहे. झाड मेलेलं, रोगट किंवा जिवाला-मालमत्तेला धोकादायक असेल तर परवानगी नाकारता येत नाही. म्हणजे लढाई याच शब्दावर होती. झाड धोकादायक आहे की झाडाची एक बाजू धोकादायक आहे? दुसरी गोष्ट खरी असेल तर तेवढा धोका काढता येतो, आणि तोडायचं कारण उरत नाही. मी सगळा अर्ज या एका मुद्द्यावर बांधला.

मग पुरावे. घेर मोजायचा तर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजतात. शिंप्याची टेप अर्ध्यातच संपली. सुतळी गुंडाळून गाठ मारली आणि ती नंतर टेपवर मोजली. पावणेतीन मीटरच्या वर भरली. पण जमीन कोणती धरायची? बुंध्याभोवती गुडघ्याच्या वर उंचीचा सिमेंटचा ओटा, त्याच्या बाहेर गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, त्याच्या बाहेर सिमेंट रस्ता. खरी जमीन या सगळ्याच्या खाली कुठेतरी. शेवटी ओट्यावरून आणि रस्त्यावरून अशी दोन्ही मापं लिहून टाकली.

वय हा खरा मोठा मुद्दा होता. 2021 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना हेरिटेज झाडाचा दर्जा आला. असं झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. साठ वर्षांचं झाड म्हणजे साठ रोपं. हा आकडा समोर आला की तोडायची घाई जरा थंडावते. पण निंबाचा जन्मदाखला आणायचा कुठून? नुसत्या घेरावरून वय सांगणं खात्रीचं नसतं. एकाच वयाची दोन झाडं, एक नाल्याकाठी आणि एक मुरमावर, घेरात कितीतरी फरक पडतो.

तेव्हा कामाला आले चौकातले एक म्हातारेबुवा. रोज ओट्यावर बसणारे, वय ऐंशीच्या घरात. त्यांना विचारलं, तुम्ही लहान असताना झाड केवढं होतं? ते म्हणाले, "लहानपनचं नाई याद. पन आनीबानीत नसबंदीवाले आलते ना बाई, तवा मी याच्याच वर चढून बसलो होतो. दिवस बुडेलोक खाली उतरलोच नाही. खाली जीप उभी, वर मी." सगळा ओटा हसला. मी मात्र वही काढली. आणीबाणी 1975 ते 77. जे झाड तेव्हा एका जवान गड्याला पानांत लपवत होतं, ते त्या वेळी दहा-पंधरा वर्षांचं तरी असणारच. साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र टाइप केलं: "सन 1976 च्या सुमारास सदर वृक्ष चढण्यायोग्य व दाट पर्णसंभाराचा होता, हे मी प्रत्यक्ष अनुभवाने जाणतो." का चढले होते, ते लिहायचं नाही असं आमचं ठरलं. त्यांनी ऐटीत सही केली. आधार कार्डाची झेरॉक्स फुकट दिली.

अर्जासोबत चारही बाजूंचे फोटो, मापं, घोषणापत्र आणि ओट्यावर बसणाऱ्यांच्या सह्या जोडल्या. आवक खिडकीवर बाबू म्हणाले, "ठेवून जा, देतो साहेबाले." मी म्हटलं, पोच द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगते. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं.

स्थळपाहणीला नगरपंचायतीचे वृक्ष अधिकारी आले. म्हणजे बांधकामाचे तरुण अभियंता, ज्यांच्याकडे वृक्ष अधिकाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार आहे. भला माणूस. नालीचं एस्टिमेट त्यांना झोपेत विचारा, पण झाडाचं काय पाहायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. आमच्यासारख्या छोट्या गावात बाग खातं, उद्यान अधीक्षक वगैरे काही नसतं. एकच माणूस रस्ता, नाली, दिवे आणि झाड सगळं पाहतो. त्यांनीच शहाणपणा करून वनखात्याच्या एका अनुभवी वनपालांना मत द्यायला बोलावलं होतं. त्या तासाभरात मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात वाचून कळलं नसतं.

वनपालसाहेबांनी आधी झाडाकडे पाहिलंच नाही, झाडाच्या भोवती पाहिलं. पूर्वेला नवी नाली. ती खोदताना जेसीबीने त्या बाजूची मुळं तोडलेली. पश्चिमेला विजेच्या तारा. दर पावसाळ्याआधी लाइनवाले येतात आणि तारेला लागणारी बाजू जिथे हात पुरेल तिथून छाटून जातात. ते म्हणाले, "एका बाजूनं मुळं कापली, दुसऱ्या बाजूनं फांद्या. मग झाड कॉम्प्लेक्सकडं झुकलं तर झाडाची चूक काय?" त्यांनी लाकडी हातोड्याने बुंध्यावर जागोजागी ठोकून आवाज ऐकला. बुंधा बद्द वाजला, म्हणजे भरीव. पण कॉम्प्लेक्सकडच्या मोठ्या फांदीच्या बेचक्यात पोकळ आवाज आला. वर पाहिलं तर तिथे एक जुना खुंट होता, कधीतरी अर्धवट तोडून सोडलेला. तो सडला, पाणी आत मुरलं, आणि सड खाली फांदीत उतरली. वादळात पडलेली फांदीही अशाच खुंटाजवळची होती. सालीवरच्या उधईच्या रेघा पाहून कॉम्प्लेक्सवाले भाऊ म्हणाले, "हे पाहा, उधईनं खाल्लं." वनपालांनी नखाने माती खरवडून दाखवली, खाली साल शाबूत. ही उधई बहुतेक मेलेली सालच खाते, म्हणाले.

मग शेंड्यांचा मुद्दा निघाला. काही शेंडे तपकिरी होऊन वाळले होते आणि अर्जात "झाडाला रोग लागला" असं लिहिलेलं. ते रोगही असू शकतं, वनपाल म्हणाले. आमच्या जिल्ह्याला लागूनच तेलंगणा आहे. तिकडे 2021 च्या सुमारास हजारो कडुनिंब असेच वाळल्यासारखे झाले होते. फोमोप्सिस नावाची बुरशी आणि सोबत रस शोषणारा एक ढेकूण. लोकांना वाटलं निंब संपला. पण पुढे बहुतेक झाडांना नवी पालवी फुटली. त्यामुळे शेंडे वाळले एवढ्यावरून निंबाला मेलेलं ठरवू नये. तसाही फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब पानं टाकतोच, आणि नेमकी त्याच दिवसांत धोकादायक झाडांच्या अर्जांची गर्दी होते, हे त्यांनी हसत सांगितलं.

सुनावणी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात झाली. भाऊंनी मोडक्या मोटरसायकलचे फोटो आणले होते, मी सुतळी आणली होती. दोघांनाही नीट बोलू दिलं, हे सांगायला हवं. मी तीनच गोष्टी मागितल्या. कॉम्प्लेक्सकडची सडकी फांदी शास्त्रीय पद्धतीने काढा. तारेकडची छाटणी यापुढे नगरपंचायतीच्या माणसासमोरच व्हावी. आणि बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडा. तिसऱ्या मागणीसाठी मी राष्ट्रीय हरित लवादाचा 2013 चा आदेश छापून नेला होता. त्यात दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं आहे. साहेब म्हणाले, तो दिल्लीचा, आपल्याला लागू नाही. मी म्हटलं, लागू आहे असं मी म्हणत नाही साहेब, पण वाचून तर पाहा. पाणी आणि हवा घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. तिथे गट्टू बसवले की झाड वरून हिरवं दिसतं आणि खालून उपाशी राहतं. साहेबांनी आदेश ठेवून घेतला.

आदेश यायला वेळ लागला, पण आला. झाड तोडण्यास परवानगी नाकारली. धोकादायक फांदीच्या छाटणीस मंजुरी. बुंध्याभोवतीचं काँक्रीट "निधीच्या उपलब्धतेनुसार" काढावं.

छाटणीला जे आले ते आरा मशीनवाल्याचे मजूर, लाकूड कापणारे. त्यांचा हात तोडायला बसलेला, छाटायला नाही. पहिला माणूस वर चढला आणि वरून सरळ आरी लावायला निघाला. अशी जड फांदी वरून कापली की अर्ध्यात मोडते आणि बुंध्याची साल फाडत खाली येते. वनपालसाहेबांनी फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं, ते मी खालून ओरडून सांगत होते, आणि चौकातले लोक माझ्याकडे पाहून हसत होते. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर फांदीला खालून काप, एक तृतीयांशपर्यंत. मग त्याच्या थोडं पुढे वरून काप. फांदी तिथून सुटते, साल फाटत नाही. राहिलेला खुंट शेवटी, फांदीच्या मुळाशी जो फुगीर पट्टा असतो त्याला धक्का न लावता. पट्टा राखला तर झाड जखम स्वतः मिटवत आणतं. खुंट ठेवला तर सडतो, पट्टा कापला तरी सडतो. वरचा गडी पहिल्यांदा वैतागला, "ताई, तूच ये ना वर." तिसरा काप झाल्यावर मात्र स्वतःच म्हणाला, "हे बरं हाय, आरी अटकत नाही." जखमेला डांबर फासायला डबा आणला होता, तो तसाच परत पाठवला. फांदी खाली पडली तशा वस्तीतल्या बाया आल्या आणि पाला बकऱ्यांसाठी घेऊन गेल्या. अर्ध्या तासात फक्त लाकूड उरलं, तेही नगरपंचायतीच्या ट्रॅक्टरवर गेलं.

खरं अवघड काम निघालं ओटा. तो कुणीतरी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेला, वर संगमरवरी पाटी. फोडायचं म्हटल्यावर ते कुटुंब नाराज झालं, आणि ओट्यावर बसणारे त्याहून जास्त. ज्या म्हातारेबुवांनी झाडाचा दाखला दिला तेच म्हणाले, "झाड वाचोलं, आता आमची बसाची जागा कायले नेतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावातलं झाड सावलीसाठी असतं आणि सावली बसण्यासाठी. बरीच बोलाचाली होऊन तीन बाजूंचा ओटा फोडायचा, पाटीची बाजू ठेवायची आणि बसायला लोखंडी बाकं बुंध्यापासून दूर टाकायची, असं ठरलं. निधी नव्हता तो नव्हताच. सब्बल आणि मजुरी चौकातल्या दुकानदारांनी वर्गणी करून दिली. वर्गणीत कॉम्प्लेक्सवाले भाऊही होते. फांदी गेल्यावर त्यांचा राग गेला होता. सिमेंटखालची माती पांढरी पडलेली, विटेगत घट्ट. शेणखत मिसळून ती मोकळी केली.

निधीची गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. दुकानाच्या मालमत्ता कराच्या बिलात एक ओळ असते: वृक्ष कर. रक्कम किरकोळ असल्यामुळे तिच्याकडे कुणी पाहत नाही. पण गावातली सगळी घरं आणि दुकानं धरली तर ती किरकोळ राहत नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून विचारलं: वृक्ष कर किती जमा झाला, कशावर खर्च झाला. उत्तरात खर्चाची बाजू होती रोपं, खड्डे आणि ट्री गार्ड. दर पावसाळ्यात नवी रोपं, दर उन्हाळ्यानंतर त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं. उभ्या झाडाची छाटणी, तपासणी, माती मोकळी करणं, यासाठी एक रुपयाही नाही. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असं कायद्यात आहे. ती झाल्याची नोंद उत्तरात नव्हती. लावायला पैसे आहेत, तोडायला अर्जाची पद्धत आहे, मधली पन्नास वर्षं झाड कुणाच्याच खात्यावर नाही. मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. रोप लावतानाचा फोटो निघतो, खुंट नीट कापल्याचा निघत नाही.

सध्या नालीचा दुसरा टप्पा मंजूर झाला आहे. नकाशात ती निंबाच्या उत्तरेकडून, बुंध्यापासून जेमतेम दोन फुटांवरून जाते. तिथली मुळं तुटली तर झाड खरोखरच धोकादायक होईल, आणि पुढच्या वेळी माझ्या हरकतीत दम राहणार नाही. नाली थोडी वळवावी किंवा तेवढा तुकडा हाताने खोदून पाइप मुळांखालून न्यावा, असा अर्ज वनपालांच्या मतासह देऊन ठेवला आहे. अभियंता साहेब म्हणाले, एस्टिमेट बदलावं लागेल, वर विचारतो. अजून उत्तर आलेलं नाही. पोच आहे माझ्याकडे.